हौशी कॅमेरा आणि नाव नसलेली माणसं : मुंबईची १८५४ची फोटोग्राफिक सोसायटी



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा माणूस आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवत होता, आज कॅमेऱ्यावर काय बोलणार? आणि बोलायचंच तर कामरगावात बसून मुंबईच्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मंडळाबद्दल कशाला? शंका रास्त आहे. तिचं उत्तर बोलण्याच्या ओघात येईल. आधी गोष्ट सांगतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. शिक्षकाची खोड, जात नाही. 'हौशी' हा शब्द आपण जरा हलक्या आवाजात वापरतो. हौशी नाटक म्हणजे पाठांतर कच्चं, पडदा अडकणार! इंग्रजीतला 'अमॅच्युअर' लॅटिनमधल्या प्रेम करण्याच्या क्रियापदावरून आला. आपली 'हौस' मात्र अरबी 'हवस'मधून आली. म्हणजे तिकडे प्रेम, इकडे हाव. आज ज्या मंडळाबद्दल बोलणार आहे, त्यात या दोन्ही गोष्टी होत्या. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

फोटो काढायची कला जगाला कळली १८३९ साली. पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईच्या 'बॉम्बे टाइम्स'मध्ये तिची माहिती छापून आली. जहाजानं बातमी यायची ते दिवस. म्हणजे बातमी पोचली आणि लगेच छापली, इतकाच उशीर. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली, आणि मुंबईची ऑक्टोबर १८५४मध्ये. फरक दोन वर्षांचाही नाही. कलकत्ता आणि मद्रास या शहरांत अशी मंडळं निघाली त्यानंतर, १८५६ साली. कॅप्टन हॅरी बार नावाचा लष्करी अधिकारी मुंबईच्या मंडळाचा अध्यक्ष होता. १८५५पासून मंडळाचं स्वतःचं नियतकालिकही निघू लागलं.

त्या वेळची मुंबई जरा डोळ्यांसमोर आणा. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. विद्यापीठ अजून व्हायचं होतं. किल्ल्याचा तट आणि त्याचे दरवाजे उभे होते. नळाचं पाणी नव्हतं. विहार तलावाचं पाणी शहरात यायला १८६० साल उजाडलं, तोवर विहिरी आणि तळी. हे पाण्याचं मी मुद्दाम सांगतोय. का, ते आता कळेल.

आज फोटो काढायला काय लागतं? खिशातून मोबाईल काढला, बोट टेकवलं, झालं. तेव्हाचा प्रकार ऐका. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ओल्या काचेची पद्धत शोधली. काच घ्यायची, लख्ख पुसायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून ते चारी कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरवायचं. आपण तव्यावर धिरडं पसरवतो ना, तसं, पण इथे काच हातात धरून नुसती कलती करायची. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. बोटाला लागलं की बोट काळं पडतं, त्यामुळे फोटोवाला माणूस बोटांवरून ओळखू यायचा. मग ती ओली काच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, धावत परत अंधारात जायचं आणि लगेच ती धुऊन चित्र उठवायचं. हे सगळं काच ओली आहे तोवर. वाळली की मेहनत गेली.

आता हे आपल्या मे महिन्यात करून बघा! थंड देशात जी काच दहा-पंधरा मिनिटं ओली राहील ती आपल्या उन्हात त्याच्या निम्मा वेळही दम धरत नाही. शिवाय बाहेरगावी जायचं तर अंधाराचा तंबू, बाटल्या, काचांची पेटी, पाणी, सगळं बैलगाडीवर लादायचं. म्हणून लांबच्या मुलखात फिरणारे पुष्कळजण काचेऐवजी मेणकागद वापरत. तो कागद आधी तयार करून नेता यायचा आणि नंतर सावकाश धुता यायचा. फक्त त्यावर फोटो उमटायला काही मिनिटं लागत.

एवढं करून हाती येते ती उलटी प्रतिमा, निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर छाप घ्यायचा, तर त्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. आमच्या कारंज्यातल्या एखाद्या जैन गृहस्थाला हा छंद लागला असता तर पंचाईतच होती म्हणा. मग छाप पक्का करायला हायपो, आणि तो हायपो निघून जाईपर्यंत कागद पाण्यात धुवत राहायचं. धुणं कमी पडलं की काही वर्षांत फोटो पिवळा पडतो, उडून जातो. आणि पाणी विहिरीचं, वरून ओढून आणायचं! जुन्या फोटोंवरचे पिवळे डाग बघितले की मला आधी ती विहीर आठवते.

आता सांगा, हा छंद एकट्यानं करता आला असता का? कोणतं औषध खराब झालंय, पावसाळ्यात काचेवर बुरशी का येते, छाप फिका का पडतो, हे विचारायला माणसं हवीत. म्हणून मंडळ. बैठकीत सभासद आपापले फोटो आणत, एकमेकांना दाखवत, कृती सांगत, प्रदर्शनं भरवत. स्वयंपाकाची कृती सांगतात तशीच. एखादी सुगरण कृती सांगताना एक जिन्नस गाळते, तसं इथेही कुणी करत असेल. तेवढा मनुष्यस्वभाव गृहीत धरायला हरकत नाही.

या मंडळाच्या आश्रयानं विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक काढलं. नावातच हौशी आहे बघा. वर्तमानपत्रात फोटो छापण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं, ते पुढे वीस-पंचवीस वर्षांनी आलं. म्हणजे या मासिकाच्या प्रत्येक प्रतीत खरे फोटो, एकेक छापून, धुऊन, वाळवून चिकटवलेले असत. मुंबईच्या इमारती, रस्ते, देवळं, लेणी आणि माणसं.

त्या काळच्या शहरी फोटोंची एक गंमत सांगतो. रस्ते ओस दिसतात. भर बाजाराचा फोटो, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! कारण सोपं आहे. काचेवर प्रकाश काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ पडू द्यावा लागे. तेवढ्यात चालता माणूस निघून जायचा, त्याचा मागमूस उरत नसे, फार तर धुरकट डाग. उरतो तो थांबलेला माणूस: टेकून बसलेला, झोपलेला, किंवा ज्याला 'हलू नकोस' असं कुणीतरी सांगितलंय तो. शहर कामाला लागलेलं होतं, आणि कामात असलेला माणूसच फोटोतून गळत होता. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झालं. ते वाचा, गर्दीच गर्दी आहे. कॅमेऱ्याला त्या दशकात जी मुंबई दिसत नव्हती ती माडगांवकरांनी शब्दांत पकडली. इमारतींच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्याचे उपकार मोठे आहेत. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला, आणि तटाच्या आतली ती जुनी मुंबई बघायची तर या हौशी लोकांच्या फोटोंकडेच जावं लागतं.

आता माणसांकडे येऊ. मंडळात लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर, व्यापारी होते. बहुतेक साहेबलोक. पण आपले लोकही होते, आणि नुसते वर्गणीपुरते नव्हते. मुंबईत या कलेची सुरुवात करणाऱ्यांत अर्देशर करसेटजी वाडिया यांचं नाव घेतात. हे जहाजबांधणीतले इंजिनियर, १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले पहिले भारतीय. मंडळाच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे, तेच. मूळचे गोव्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, दोनदा मुंबईचे शेरीफ. जुने शिलालेख वाचणं हा त्यांचा दुसरा ध्यास. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी काम केलं. शिलालेख वाचणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचं आकर्षण वाटणार, यात मला तरी नवल वाटत नाही. हातानं नक्कल करताना अक्षर बदलतं. काच अक्षर बदलत नाही.

त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी, तेही ग्रँट मेडिकलचेच. ते या मंडळाच्या कार्यकारी कौन्सिलवर होते आणि मंडळाच्या प्रदर्शनात स्वतःचे फोटो मांडत. शिवाय १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढून बसले. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून आणखी एक सांगतो: याच हरिश्चंद्र चिंतामणांनी १८७४ साली लंडनमध्ये भगवद्गीतेवर इंग्रजी विवरण प्रसिद्ध केलं. फोटोचा स्टुडिओ आणि गीतेचं भाष्य, दोन्ही एका माणसाचं. आज असा कुणी निघाला तर आपण त्याला आधी विचारू, 'नक्की करतोस काय?'

इथे कलकत्त्याला एक चक्कर मारणं भाग आहे, कारण तिथे काय झालं ते कळल्याशिवाय मुंबईचं वेगळेपण कळत नाही. कलकत्त्याच्या मंडळाचे खजिनदार होते राजेंद्रलाल मित्र, मोठे विद्वान, पुढे १८८५ साली एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले ते. गोऱ्यांवरचे खटले मुफसलच्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, कोर्टांपुढे चालावेत की नाही, यावर तेव्हा वाद पेटला होता. १८५७ साली टाउन हॉलमधल्या सभेत मित्रांनी निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर कडक टीका केली. झालं! मंडळातल्या गोऱ्या सभासदांना ते खपलं नाही आणि त्यांना मंडळातून काढून टाकलं. सभा टाउन हॉलची, विषय कोर्टाचा, आणि शिक्षा फोटोच्या मंडळात. म्हणजे हौसेचा उंबरठा ओलांडून आत आलात तरी बाहेरचा हिशोब बाहेर राहत नाही. मुंबईत त्याच काळात नारायण दाजी कौन्सिलवर बसत होते. मुंबईचे साहेब काही संत नव्हते. इथे व्यापार पारशी, गुजराती, मराठी, बोहरी लोकांना धरूनच चाले, त्यांना दुखावणं परवडत नव्हतं, असा माझा अंदाज. कारण काही का असेना, दार उघडं होतं.

सरकारचंही या हौशीवर लक्ष होतं. जुन्या वास्तूंची चित्रं काढायला चित्रकार ठेवण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि अचूक, हे कंपनी सरकारच्या ध्यानात आलं. १८५५ साली मुंबई सरकारनं कॅप्टन बिग्ज यांना या कामावर नेमलं, त्यांच्यामागून डॉ. पिगू आले. १८६६ साली अहमदाबाद, विजापूर, धारवाड-म्हैसूर इथल्या वास्तूंवरची भली मोठी पुस्तकं निघाली, त्यांना पैसा दिला प्रेमचंद रायचंद आणि करसनदास माधवदास यांच्यासारख्या मुंबईच्या धनिकांनी. हा पैसा कुठला? कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या गाठोड्यांत आपल्या वऱ्हाडचा कापूसही होता. तेव्हा विजापूरच्या गोलघुमटाच्या त्या फोटोंत कुणा वऱ्हाडी कास्तकाराच्या घामाचा थेंब आहे असं मी म्हटलं, तर इतिहासवाले मला फार रागावणार नाहीत.

आणि कॅमेरा आपल्याकडेही आला होता. अजिंठ्याची चित्रं उतरवायला १८४४ साली नेमलेला मेजर रॉबर्ट गिल नंतर कॅमेऱ्याकडे वळला. त्यानं हातानं रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली जळाल्या, फोटो राहिले. लोणारच्या दैत्यसूदन देवळाचे फोटोही त्यानं काढले. इथून लोणार काही फार लांब नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी आलो त्यावर येतो.

जॉन्सन, तो अल्बमवाला, मूळचा सरकारी कचेरीतला नोकर. हौसेपायी फोटो शिकला आणि त्याचाच धंदा केला. १८६३ आणि १८६६ साली त्यानं मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक काढलं. त्यात माणसं अशी दिसतात, जणू समुद्राकाठी, देवळापुढे, बाजारात उभी आहेत. पण नीट पाहिलं तर पायाखालची सावली जुळत नाही. कारण माणसांचे फोटो घेतले स्टुडिओत, त्यांच्या आकृत्या निगेटिव्हवरून वेगळ्या केल्या आणि दुसऱ्या ठिकाणच्या दृश्यावर बसवल्या. आजचा फोटोशॉप म्हणा. आणि खाली नाव काय? माणसाचं नाव नाही. अमक्या जातीच्या बायका, तमक्या जातीचे पुरुष.

न्यायसूत्रांत गौतमानं एक प्रश्न घेतलाय. 'गाय' असा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ काय? ही समोरची एकटी गाय, म्हणजे व्यक्ती? तिचा घाट, शिंगं, वशिंड, म्हणजे आकृती? की सगळ्या गाईंत असलेलं गायपण, म्हणजे जाती? गौतम म्हणतो, तिन्ही. मला हे वर्गात शिकवताना नेहमी वाटायचं की फोटोला ही कसोटी लावून बघावी. फोटोत काय येतं? व्यक्ती येते, हीच एक बाई, याच दिवशी, या उजेडात. आकृती तर येतेच. जाती मात्र फोटोत येऊच शकत नाही. काचेवर गायपण उमटत नाही, आणि कोळीपण किंवा ब्राह्मणपणही उमटत नाही. ते खालच्या ओळीत, शाईनं लिहावं लागतं. आणि ती ओळ लिहिली की वरची व्यक्ती पुसली जाते! कॅमेरा हे जगातलं सगळ्यात व्यक्तिनिष्ठ यंत्र. त्याच्याकडून या लोकांनी जातींचा तक्ता काढून घेतला.

पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, त्यांत चारशेच्या वर फोटो. ते काढणारे बरेचसे हौशीच, ठिकठिकाणचे लष्करी आणि मुलकी अधिकारी. सुरुवात कशी झाली? गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांना इथल्या लोकांच्या फोटोंचा संग्रह हवा होता, आठवण म्हणून. म्हणजे हौसच. १८५७च्या उठावानंतर त्याच हौसेची सरकारी फाईल झाली; कोण राजनिष्ठ, कोण दंगेखोर, असे शेरे फोटोंसोबतच्या मजकुरात आले.

हे सगळं गोऱ्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकलो असतो तर सोपं होतं. पण डॉ. नारायण दाजींचे फोटोही बघितले पाहिजेत. तेही मुंबईच्या रस्त्यावरच्या लोकांचे, फकीर, गारुडी, वाजंत्री अशा मंडळींचे. आपला मराठी माणूस, शिकलेला डॉक्टर, त्याच्या कॅमेऱ्यापुढचा माणूसही 'प्रकार' म्हणूनच उभा आहे. मला नारायण दाजींबद्दल आदर आहे, आणि ही गोष्ट टोचते. कॅमेऱ्याच्या मागे कुणाची कातडी आहे एवढ्यानं फरक पडत नाही. बसायला खुर्ची कुणाला आणि उभं राहायला कुणाला सांगितलं, त्यानं पडतो.

मुंबईच्या मंडळाचा जोर १८६०च्या दशकात ओसरला. स्टुडिओ वाढले, हौशी माणसाला जे कळायचं ते पैसे देऊन मिळू लागलं. पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८ साली कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा आला, आणि रसायनाचं लचांड सुटलं. विसाव्या शतकात पुन्हा हौशी लोकांची मंडळं उभी राहिली. १९३७ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया झाली. तो इतिहास वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

पण कामरगावात हे का सांगितलं? हल्ली शहरांतले हौशी फोटोवाले सुट्टीच्या दिवशी गटागटानं बाहेर पडतात. कारंज्याची दारव्हा वेस, दिल्ली वेस, आपली शकुंतला गाडी आणि तिची ओस पडलेली स्टेशनं, यांचे फोटो लोकांनी काढलेत, चांगले काढलेत. त्यात पागोटं घातलेला एक म्हातारा असतो, डोक्यावर भारा घेतलेली एक बाई असते. खाली काय लिहिलेलं असतं? 'ग्रामीण जीवन'. जॉन्सननं निदान जात तरी लिहिली होती! त्या म्हाताऱ्याला तुम्ही आम्ही ओळखतो. त्याचं नाव, त्याचं शेत, त्याचा मुलगा कुठे असतो, सगळं ठाऊक असतं. फोटो काढणाऱ्यानं दोन मिनिटं थांबून विचारलं असतं तर त्यालाही कळलं असतं. ओली काच वाळायची भीती त्याला नव्हती.

आणि आपल्या घरात तरी काय आहे? लग्नातले ग्रुप फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, चौथीचा वर्ग, मध्ये गुरुजी. मागे एक अक्षर नाही. आमच्याकडे असा एक फोटो आहे, वडिलांच्या लग्नातला. एकवीस माणसं आहेत त्यात. वडील होते तोवर सगळ्यांची नावं होती. आज मला सात सांगता येतात. उरलेले चौदा जण फेटेवाले, टोपीवाले, नऊवारीवाल्या, असे झालेत.

तेव्हा इथल्या तरुण मुलांना, ज्यांचे मोबाईल मघापासून माझ्याकडे रोखलेले आहेत त्यांना, एक काम सांगतो. या गावात ऐंशीच्या पुढची माणसं किती आहेत, तुम्हाला माहीत आहे. त्यांच्याकडे जा, ट्रंकेतले फोटो काढायला सांगा, आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, दाब न देता. बॉलपेन नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. मोबाईलवर फोटो घ्याल तर नावं त्याच्यासोबत लिहून ठेवा, डावीकडून उजवीकडे. बायकांची नावं लिहिताना 'अमक्याची बायको' असं लिहून मोकळं होऊ नका, माहेरचं नावही विचारा. आणि एखाद्या आजीनं 'माझा नको काढू बाबा' म्हटलं तर नका काढू.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर विचारा, मागच्या रांगेपासून सुरू करू.